एक कळ उजवीकडे

वर्गात पंधरा-वीस दृष्टिहीन जण टंकलेखन शिकत होते आणि कोणाचीही चूक होत नव्हती. मागच्या बाकावर बसलेल्या द्वारकाबाई फाळक्यांना हेच खटकत होतं.

द्वारकाबाई जन्मापासून दृष्टिहीन. मिरजेच्या टेलिफोन कार्यालयात त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली आणि त्याआधी टाइपरायटरवर हात बसवला होता. तेव्हाच्या शिकवणीच्या खोलीत कळांचा खडखडाट असायचा, ओळ संपत आली की घंटी वाजायची, मास्तर खेकसायचे. इथे सगळं मऊ होतं. प्रत्येक शिकणाऱ्याच्या हातात पातळ मोजे होते. त्यांना साथमोजे म्हणत. कापडात स्नायूधागे विणलेले होते. विजेचा हलका प्रवाह मिळाला की ते स्नायूंसारखे आखडत आणि बोटाला योग्य कळेकडे अलगद ओढत. उमटलेलं अक्षर कानातल्या यंत्रात ऐकू येई.

पहिल्या बाकावर त्यांची शेजारीण तरन्नुम मुजावर बसली होती; तिच्या सोबतीला त्या वर्गात येत. तापाच्या दुखण्यात तिची नजर गेली तेव्हापासून ती भावाच्या घरी राहत होती. भावजय वाईट नव्हती, पण पाहुण्यासारखी वागवायची, आणि तरन्नुमला त्याचाच जाच होई. आता इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर दृष्टिहीनांसाठी राखीव जागा निघाली होती. चाचणी सोमवारी होती.

हा वर्ग सहजी सापडला नव्हता. एक क्लासवाला म्हणाला, आधी माउस शिकवतो. दुसऱ्याने सोबत डोळस माणूस आणायला सांगितलं. एका ऑनलाइन वर्गात तर नाव नोंदवण्याआधी चित्रांतले सिग्नल ओळखून आपण माणूस असल्याचं सिद्ध करायचं होतं. “म्हणजे आपण माणसांत नाहीच,” असं द्वारकाबाई म्हणाल्या आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या. मग हा वर्ग मिळाला. फी नव्हती, न्यायला-आणायला गाडी होती, चहासुद्धा मिळायचा. द्वारकाबाईंनी तो चहा कधी घेतला नाही.

टंकलेखन शिकणाऱ्या आंधळ्या माणसाची एक ठरलेली चूक असते. कळफलकावर दोन कळांना बारीक उंचवटा असतो. तो चाचपून दोन्ही हातांची पहिली बोटं ठेवायची आणि मग नजरेशिवाय सगळी अक्षरं सापडतात. पण हात एक कळ उजवीकडे सरकला की संपलं. बोटं बिनचूक चालतात आणि कागदावर नुसता कचरा उमटतो. द्वारकाबाईंनी एकदा पानभर अर्ज असा लिहिला होता. मास्तरांनी तो मोठ्यानं वाचायचा प्रयत्न केला तेव्हा आख्खी खोली हसली होती. ही चूक ज्याची झाली नाही असा माणूस त्यांना आयुष्यात भेटला नव्हता. आणि इथे इतक्या आठवड्यांत एकाचीही झाली नव्हती.

चहाची सुट्टी झाली. शिकवणारे सर बाहेर गेले. द्वारकाबाई बाकांना हात लावत पुढे आल्या, तरन्नुमशेजारी बसल्या आणि तिला म्हणाल्या, मी सांगते ते लिही. इस्पितळात कोणी सांगेल तसं एक नाव आणि पत्ता त्यांनी सांगितला. तरन्नुमची बोटं भराभर चालू लागली. पत्ता अर्ध्यावर आला तेव्हा द्वारकाबाईंनी कळफलक हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

तरन्नुम लिहीत राहिली. बोटं कोऱ्या टेबलावर आपटत होती. शेवटी तिच्या कानातल्या आवाजानं सगळा पत्ता बिनचूक वाचून दाखवला.

“बघितलंत?” ती खुशीत म्हणाली. “एक काना चुकला नाही.”

“उंचवटा लागतोय बोटाला?”

“लागतोय की.”

“कळफलक माझ्या मांडीवर आहे, तरन्नुम.”

तिनं एक मोजा काढला, टेबल चाचपलं, मग दुसरा काढला. द्वारकाबाईंनी कळफलक परत ठेवला. उघडी बोटं त्यावर इकडेतिकडे फिरली. आपलं नाव लिहायलाही तिला अक्षर सापडेना.

“मग इतके दिवस कोण लिहीत होतं?” तिनं विचारलं.

सर आल्यावर द्वारकाबाईंनी जाब विचारला, तेव्हा ते चिडले नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं, की मोज्यांनाही बोलणं ऐकू येतं. शब्द तेच लिहितात. उंचवटाही मोजेच भासवतात, कळफलक आपला सवयीसाठी. काळजीचं कारण नाही, कारण चाचणीला मोजे चालतात, आणि इस्पितळ तेच मोजे ते बनवणाऱ्या कंपनीकडून भाड्यानं घेणार आहे.

“मग त्यांना नुसते मोजेच द्या की,” द्वारकाबाई म्हणाल्या. “आत हात कशाला?”

“जागा राखीव आहे, मावशी. त्या खुर्चीत माणूस लागतो.”

परतताना द्वारकाबाईंनी तिला बरंच सांगितलं. सोमवारी जाऊ नकोस, घरी ये, मी शिकवते, वर्षभरात हात बसेल. तरन्नुमनं सगळं ऐकून घेतलं.

“तुम्हाला वर्ष मिळालं, मावशी,” ती म्हणाली. “मला सोमवार मिळालाय.”

ती मोजे घालून चाचणीला गेली आणि नोकरी तिला मिळाली. पहिला पगार झाला तसा तिनं भावाच्याच गल्लीत एक खोली घेतली. कामावरून सुटली की ती द्वारकाबाईंकडे येई आणि त्यांच्या जुन्या कळफलकावर उघड्या हातांनी बसे. पहिल्याच संध्याकाळी हात एक कळ उजवीकडे सरकला आणि संगणक काहीबाही बरळू लागला. द्वारकाबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिला साखर खाऊ घातली.

पावसाळा संपेपर्यंत सगळ्या कळा तिला पाठ झाल्या. तरी वेग येईना. एकदा द्वारकाबाईंनी तिच्या हातांवर आपले हात ठेवले आणि लिहायला सांगितलं. बोट न चाचपडता नेमक्या कळेवर गेलं. तिथे थांबलं. मग कळ दाबली गेली. दुसरं अक्षर, पुन्हा तेच.

“थांबतेस का? जागा आठवत नाही?”

“आठवते. मी नाही थांबत, बोट थांबतं. दिवसभर कोणीतरी ओढतं ना, त्याची वाट बघतं.” तरन्नुमनं हात काढून मांडीवर घेतले आणि एकमेकांवर चोळत राहिली. “शिकायला क्लास शोधला आपण. हे विसरायला कुठला शोधायचा, मावशी?”