न लागलेली आग

विषय एक: तातडीचा

"नोरीन, इथं आग नाही!" फोनवर कर्ट एबलिंग ओरडत होता. "धूर नाही, राख नाही. एक मांजर आहे. तीही झोपलेली."

पोलीसप्रमुख नोरीन क्विस्टनं गाडी कडेला घेतली. गुरुवारची संध्याकाळ होती, ऊन अजून शेतांवर रेंगाळत होतं. पोलीसप्रमुख हे नाव मोठं. लिंडर फॉल्समध्ये तिच्या हाताखाली दोनच शिपाई, त्यातला एक कायम रजेवर.

"म्हणजे खोटा फोन?"

"खोटाच. आम्ही इकडं मांजर विझवतोय आणि तिकडं रोलंडनं मतदान उरकलं! ठराव पडला. दोन विरुद्ध एक."

नोरीननं डोळे मिटून घेतले.

नगर परिषदेत पाच खुर्च्या. सहा महिने त्यांच्यात एकच भांडण चाललं होतं. गावचा कारभार आजवरसारखा निवडून आलेल्या नगराध्यक्षानं चालवायचा, की पगारी मॅनेजर नेमून त्याच्या हाती द्यायचा आणि नगराध्यक्षानं नुसता सभेत हातोडा आपटायचा? ठराव झाला असता तर नोव्हेंबरात गावानंच मत देऊन काय ते ठरवलं असतं. कागद काउंटीकडे पोचवायची मुदत होती उद्या, शुक्रवारी. ती हुकली की पुढची संधी दोन वर्षांनी.

पाचातले दोघं, कर्ट एबलिंग आणि व्हर्लिन टॉस्ट्रुड, गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलातही होते. कॉफीच्या सुट्टीनंतर सभा पुन्हा बसली आणि मतदान पुकारणार तोच दोघांच्या कमरेचे पेजर एकदम किंचाळले. दोघं धावत सुटले. उरले तिघं. गणपूर्तीला तिघं पुरतात. नगराध्यक्ष रोलंड स्कोगेननं मत घेतलं.

"तो थांबू शकला असता," कर्ट म्हणाला.

"हो," नोरीन म्हणाली. "पण थांबला नाही."

विषय दोन: आरोपी आधी, तपास नंतर

शुक्रवारी सकाळी रोलंडकडे नाव तयार होतं.

"इमोजीन राश."

"आपली ग्रंथपाल?"

"फोन सभागृहाखालच्या वाचनालयातून गेला. सुट्टीत खाली कोण होतं? इमोजीन. भर सभेत कोण म्हणालं, 'माझ्या जिवात जीव असेपर्यंत मॅनेजर येऊ देणार नाही'? इमोजीन. अजून काय हवंय तुला, बँडबाजा?"

"सुट्टीत अर्धं गाव खाली होतं, रोलंड. स्वच्छतागृह खाली आहे. कॉफी खाली होती. रूबार्बच्या वड्याही खालीच होत्या."

"वड्या तिनंच केल्या होत्या."

"म्हणून ती गुन्हेगार?"

रोलंडनं चष्मा काढून टेबलावर टाकला. "हे बघ, ती माझ्या बाजूची. तिला मी सोडलं तर लोक म्हणणार, नगराध्यक्षानंच करवलं. बारा वाजता विशेष सभा आहे. नोकरीवरून काढण्याआधी लोकांचं ऐकून घ्यायचा नियम आहे, ते ऐकीन. मग सही."

"मला सोमवारपर्यंत वेळ दे."

"बारा."

"निदान—"

"बारा, नोरीन. दुसरं नाव आण, नाहीतर गप्प बस."

ती दारापर्यंत जाऊन वळली. "एक विचारू? काल मतं किती होती तुझ्याकडं?"

"तीन. त्यातल्या एकानं तर माझ्या स्वयंपाकघरात बसून शब्द दिला होता. मला कशाला खोट्या आगी लावायला लागतायत?"

विषय तीन: आवाज

आगीचे फोन काउंटीच्या मुख्य गावी घेतात. तिथल्या बाईंनी कालचं बोलणं नोरीनला पुन्हा पुन्हा ऐकवलं. तोंडावर रुमाल धरलेला आवाज. घाईत होता, पण घाबरलेला नव्हता.

"बेकनच्या शेतातलं गवताचं खोपट पेटलंय, जुन्या डेअरीच्या दक्षिणेला. आत माणूस नाही. जनावर नाही. विजेची तार नाही. पूर्वेकडून या, पुलाकडून नको."

खट्.

"बाई की पुरुष?" नोरीननं विचारलं.

"सर्दी," त्या बाई म्हणाल्या. "पण माणूस गुणी हो. बाकीचे नुसते किंचाळतात. आम्हाला विचारावं लागतं, आत कोणी आहे का, गुरं आहेत का, तारा आहेत का. यानं एक प्रश्न विचारू दिला नाही."

"पूर्वेकडून जायचं, हे तुम्ही दलाला कळवलंत?"

"छे. पेजरवर फक्त पत्ता जातो."

नोरीननं दलाच्या कचेरीत फोन लावला. काल संध्याकाळी कोण कुठं होतं? सगळे मैदानावर, सॉफ्टबॉल खेळत. सगळे? कर्ट आणि व्हर्लिन सोडून सगळे. अंपायरसुद्धा दलाचाच.

विषय चार: प्रश्न आणि जी मिळाली ती उत्तरं

इमोजीन राश, वाचनालयात. एक हात काठीवर, दुसरा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर.

– मिसेस राश, सुट्टीत तुम्ही कुठं होतात?

– मागच्या खोलीत. कागदी रुमाल शोधत होते. त्या खोक्यात कोणा शहाण्यानं नाताळाचे दिवे कोंबलेत.

– फोनजवळ कोणाला पाहिलंत?

– पाहिलं असतं तर तुला पहाटे अंथरुणातून ओढलं नसतं का, पोरी?

– तुम्ही स्वतः...

– मी? रोलंडनं आधीच सांगितलं होतं, तिघं आपली आहेत म्हणून. जिंकत असताना आग कोण लावतं?

– नोकरी गेली तर?

– नोकरीबरोबर विमा जातो. विम्याबरोबर पुढच्या महिन्यातलं खुब्याचं ऑपरेशन. मग मी या काठीची आणि काठी माझी. अजून काही विचारायचंय?

कर्ट एबलिंग, शाळेच्या बसखाली पालथा. फक्त बूट दिसत होते.

– सुट्टीत खाली गेला होतास?

– गेलो. हात धुतले, दोन वड्या खाल्ल्या, वर आलो. तीन. तीन वड्या.

– पेजर वाजल्यावर?

– माझ्या गाडीनं डेअरीवरून सरळ पुलाकडं. आणि पूल बंद! दुपारी याच पुलावरून मी बस नेली होती. मग काय, सगळ्या शेतांना प्रदक्षिणा घातली. पुलाजवळच्या मळ्यातली बाई खो खो हसत होती मला बघून. पोचलो तर व्हर्लिन टँकर लावून तयार.

– ठरावाच्या बाजूनं मतं किती होती?

– तीन. एकेकाच्या घरी जाऊन पक्की केलेली. डोळ्यांत डोळे घालून 'हो' म्हणालेली माणसं.

– मग तुलाही मतदान मोडायचं कारण नव्हतं.

– मला?

बसखालून पाना आपटल्याचा आवाज आला.

– नोरीन, त्या मतदानासाठी मी लेकीचा वाढदिवस सोडून आलो होतो!

व्हर्लिन टॉस्ट्रुड, काउंटीच्या रस्तेखात्यात. नारिंगी जाकीट, हातात फावडं, समोर डांबर. मागं त्याच्या ट्रकमध्ये रस्ता अडवायच्या पट्टेदार फळ्या रचलेल्या.

– सुट्टीत खाली होतास?

– असेन. म्हणजे, थोडा वेळ. कॉफी घेतेस? थर्मासमध्ये आहे.

– नको. फोनजवळ कोणी दिसलं?

– मी तसा कोणाकडं बघत नाही गं.

– ठरावाबद्दल तुझं काय म्हणणं होतं?

– दोन्हीकडं सांगण्यासारखं आहे, नाही का?

– मत कुणाला देणार होतास?

– आता झालंच की मतदान.

– व्हर्लिन. सरळ सांग.

– आईची तब्येत कशी आहे तुझ्या?

नोरीन गाडीत येऊन बसली. या गावात कोणी खोटं बोलत नव्हतं आणि कोणी खरंही सांगत नव्हतं. खुनी असता तर बरं, तो निदान पळून जातो. इथं सगळे कॉफी देतात. तिनं दोन्ही मुठी स्टिअरिंगवर आपटल्या. हॉर्न वाजला. व्हर्लिनला वाटलं ती निरोप घेतेय. त्यानं हसून हात हलवला.

मग तिनं रस्तेखात्याला फोन केला आणि एकच गोष्ट विचारली.

उत्तर मिळेपर्यंत बारा वाजत आले होते. तिनं रोलंडला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. बंद.

विषय पाच: नागरिकांचे म्हणणे (प्रत्येकी तीन मिनिटे)

"पोलिसांचा अहवाल कार्यक्रमपत्रिकेवर नाही," रोलंड म्हणाला.

"मग मी नागरिक म्हणून बोलते."

सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. पहिल्या रांगेत इमोजीन, काठी गुडघ्यांवर आडवी. समोर पाचही सभासद. रोलंडच्या पुढ्यात न सही केलेला कागद. बोलणाऱ्याच्या टेबलावर वेळ दाखवणारी तीन दिव्यांची छोटी पेटी.

हिरवा.

"नोरीन क्विस्ट, राहणार बर्च स्ट्रीट. फोन कोणी केला, ते मी सांगणार आहे."

"माइकजवळ ये. ऐकू येत नाही."

"फोन कोणी केला ते—"

"आता फार जवळ. घुमतोय."

मागं कोणीतरी हसलं. नोरीननं श्वास सोडला.

"फोन करणाऱ्याला प्रश्नच विचारावे लागले नाहीत. आत माणूस नाही, जनावर नाही, तार नाही. विचारायच्या आधी उत्तरं, आणि तीही ओळीनं. मिसेस राशना हे सुचलं नसतं. त्यांनी आरडाओरडा केला असता. खाली वाचनालयात त्या रोज करतात तसा."

"खरंय," इमोजीन म्हणाली.

"हे बोलणं दलात शिकलेल्या माणसाचं आहे. दलातले दोघंच काल या इमारतीत होते. बाकीचे मैदानावर."

सगळ्यांच्या माना कर्टकडं आणि व्हर्लिनकडं वळल्या. कर्ट लालबुंद झाला. व्हर्लिन बोटाचं डांबर खरवडत होता.

पिवळा.

"आता कारण. रोलंड, तुझ्याकडं किती मतं होती? तीन. म्हणून मिसेस राश निर्धास्त होत्या. कर्ट, तुझ्याकडं? तीन. तूही निर्धास्त. ज्याला आपण जिंकणार असं वाटतं तो मतदान कशाला मोडेल? पण खुर्च्या पाच आहेत. तीन आणि तीन सहा होतात. कोणीतरी एकजण दोन्हीकडं मोजला गेलाय. मतदान नको होतं ते फक्त त्याला. कारण हात वर केला की एकाशी खोटा पडणार, हे फक्त त्यालाच—"

लाल.

हातोडा.

"वेळ संपला," रोलंड म्हणाला. त्याचा आवाज मघासारखा राहिला नव्हता, पण हातोडा हातोड्यासारखाच वाजला.

"रोलंड, एक वाक्य!"

"नियम सगळ्यांना सारखा."

"माझी तीन मिनिटं तिला द्या," इमोजीन काठी उंचावून म्हणाली.

"जिच्यावर विषय आहे तिला वेळ देता येत नाही."

"मी मागतो वेळ तिच्यासाठी!" कर्ट उठला.

"तू ठराव मांडणारा. तुझा संबंध येतो. खाली बस."

"अरे, तुझ्या नियमाला—"

"बस!"

नोरीन माइकला धरून उभी होती. दिवा तांबडाच. क्षणभर तिला वाटलं, पेटी उचलून खिडकीतून फेकावी. मग ती वळली.

"व्हर्लिन," ती शांतपणे म्हणाली, "मला अजून थोडा वेळ हवाय. मागशील माझ्यासाठी?"

व्हर्लिननं मान वर केली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं रोलंडकडं पाहिलं, कर्टकडं पाहिलं, मग पहिल्या रांगेतल्या काठीकडं.

"हो," तो म्हणाला. "का नाही. मागतो मी."

हिरवा.

"आभार," नोरीन म्हणाली. तिला ते अगदी मनापासून म्हणायचं होतं आणि त्याचाच तिला राग आला. "फोन करणारा म्हणाला, पुलाकडून येऊ नका. पूल दुपारी उघडा होता, कर्टनं त्यावरून बस नेली. संध्याकाळी तो त्याच पुलाकडं धावला आणि उलटा फिरला. मळ्यातल्या बाईंनी त्याला पाहिलं, मी त्यांना विचारून आलेय. म्हणजे पूल बंद झाल्याचं कर्टला ठाऊक नव्हतं. दुसरा मात्र टँकर घेऊन पूर्वेकडून बिनचूक पोचला. पेजरवर वाट सांगत नाहीत. काल सभेला येण्याआधी पुलावर फळ्या कोणी लावल्या, ते मी रस्तेखात्याला विचारलं."

ती थांबली. वेळ होता तरी थांबली.

"मीच लावल्या," व्हर्लिन म्हणाला.

"आणि फोन?"

"तोही मीच केला."

कर्ट बोलला, आणि तेही फार हळू. "तू माझ्या घरी जेवलास, व्हर्लिन. माझ्या बायकोसमोर म्हणालास, 'कर्ट, मी आहे.'"

"माझ्याकडंही," रोलंड म्हणाला.

"तुम्ही दोघं किती आशेनं विचारत होतात." व्हर्लिनचे हात टेबलावर उघडे पडले होते. "मला वाटलं, आम्ही दोघं उठून गेलो की रोलंड सभा तहकूब करील. मुदत टळेल आणि विषयच मिटेल. तू मतदान घेशील असं नव्हतं वाटलं, रोलंड. मी जागासुद्धा नीट निवडली होती. रिकामं खोपट. वाटेत रेल्वेचं फाटक नाही. कोणाला लागू नये म्हणून."

"मिसेस राशना लागलं," नोरीन म्हणाली.

"सकाळपासून सांगणारच होतो. पण आधी कोणाला सांगावं, तेच ठरेना."

रोलंडनं पुढ्यातला कागद उचलला, दुमडला आणि पुन्हा दुमडला. "बडतर्फीचा विषय मागे घेण्यात येत आहे," तो पुटपुटला.

"मोठ्यानं, रोलंड," इमोजीन म्हणाली. "मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही."

त्यानं मोठ्यानं सांगितलं.

"आता माफी."

त्यानं तीही मागितली. इमोजीन मागं वळून लोकांना म्हणाली, "बघा. मॅनेजर असता तर मी हे कोणाकडून वदवून घेतलं असतं?"

"मॅनेजर असता तर आधी चौकशी झाली असती आणि मग कागद निघाला असता!" कर्ट उसळला. "रोलंड, ठराव पुन्हा घे. आत्ता. पाचही जण बसलेत. काउंटीची कचेरी संध्याकाळपर्यंत उघडी आहे."

"विशेष सभेत दुसरा विषय घेता येत नाही. आधी नोटीस लागते."

"किती आधी?"

"ठरावाला चोवीस तास. म्हणजे उद्या दुपार."

"मुदत आज संपते!"

"मला माहीत आहे, कर्ट."

"दोन वर्षं! एका मांजरीपायी दोन वर्षं!"

सगळे एकदम बोलू लागले. रोलंड हातोडा आपटत राहिला. नोरीन टेबलाला वळसा घालून व्हर्लिनपाशी गेली. खोट्या आगीचा गुन्हा नोंदवायचा होता. तो आधीच उभा राहिला होता, टोपी हातात घेऊन.

"चल," ती म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "आता तर सांग. काल बसून राहिला असतास, तर हात कोणासाठी वर केला असतास?"

कर्ट गप्प झाला. रोलंडचा हातोडाही थांबला. व्हर्लिननं एकाकडं पाहिलं, मग दुसऱ्याकडं. तो खरोखर विचार करत होता, कपाळाला घाम येईपर्यंत.

"तुम्ही दोघांनीही," तो म्हणाला, "इतकं छान समजावून सांगितलं होतं."