मैनेच्या डोळ्यांना चष्मा

"अगो पल्लवी, मैनेला चष्मा लागला!"

धाकटा भाऊ रूपेश ओरडला, पण पल्लवीला हसू येईना. काळ्याभोर मैना गायीच्या डोळ्यांभोवती खरंच पांढुरकी वर्तुळं उमटली होती. दोन महिने तिची हगवण थांबत नव्हती. आणि उद्या तिला न्यायला दलाल येणार होता!

"गोठ्यात मरण्यापेक्षा दिलेली बरी," बाबा म्हणाले होते. तेव्हापासून पल्लवी मैनेजवळून हलली नव्हती.

"तुमचीच गाय आजारी कशी गो?" तिची मैत्रीण भूमिका म्हणाली. "आमच्या गुरांना तर काय नाय झालं."

"तुमची विहिरीवर पितात, मैना ओढ्यावर!" पल्लवी ताडकन उठली. "चला, बघूया!"

दिवाळीची सुट्टी होती. तिघं ओढ्याच्या काठाने वर निघाली. एका वळणावर पाणी काळपट दिसलं. रूपेशने चिखल बोटांवर चोळला, तर बोटं पेन्सिलच्या शिशासारखी चकाकली!

"शी! काय बुळबुळीत आहे!"

"चूप!" भूमिका कुजबुजली. "कोणीतरी आहे!"

झुडपाआडून पाहिलं तर गोमाकाका, खनिजाच्या गोदामाचा राखणदार! रिकाम्या गोण्या दगडावर आपटून धूत होता. हीच बारदानं तो गावात भात भरायला देत असे.

एका न धुतलेल्या गोणीवर छापील कागद चिकटवलेला होता. भूमिका सरपटत गेली, तिने कागद ओढला. फर्रर्र!

"कोण हाय रे तिथं?"

गोमाकाकाने तिचं मनगट पकडलं! पण तिचा हात गोणीवरच्या बुळबुळीत काळ्या भुकटीने माखला होता. तिने हिसका दिला आणि मनगट सुळकन निसटलं.

"पळा!"

मागून शिव्या, पायांत करवंदीचे काटे! छाती फुटेस्तोवर धावत तिघं शेजारच्या टोकावड्याच्या गुरांच्या दवाखान्यात शिरली.

गुरांच्या डॉक्टर वंदना मॅडमनी सगळं ऐकून कागद वाचला. त्यांचा चेहराच बदलला.

"मॉलिब्डेनाइट! शिशासारखं मऊ दिसतं, पण त्यातून वेगळाच धातू काढतात. तो गुरांच्या पोटात फार गेला की अंगाला तांबं मिळत नाही. हगवण लागते, डोळ्यांभोवतीचे केस पांढरे पडतात."

"मैना मरेल?"

"लगेच औषध दिलं तर वाचेल. मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, अगदी मोजून! घरी कोणी प्रयोग करायचे नाहीत, कळलं?"

मॅडमच्या जीपमधून सगळी गावात पोहोचली, तर गोमाकाका बाबांच्या अंगणात उभाच!

"हीच ती चोरटी कार्टी!"

"गोमा, त्या गोण्या ओढ्यात धुवायच्या नाहीत," मॅडम कडाडल्या. "आणि त्यांत भरलेलं धान्य कोणी खायचं नाही. विषाची परीक्षा कशाला?"

गोमाकाकाने डोक्याला हात लावला.

"मॅडम, माझ्या घरचे तांदूळ त्यातल्याच गोणीत... आजच ती फोडली. नात जेवायला बसली असेल!"

पल्लवी, रूपेश, भूमिका त्याच्या घराकडे सुसाट सुटली. गोमाकाकाच्या चिमुरड्या नातीने वाफाळता घास उचलला होता.

"टाक गो बाय, टाक!" पल्लवीने तिचा हात धरला. घास ताटात पडला. पोर भोकाड पसरून रडू लागली. तिने अजून एकही घास खाल्ला नव्हता!

गोमाकाका धापा टाकत दारात आला. नातीला छातीशी धरून त्याने तिघांपुढे मान खाली घातली.

"मी तुमाला चोर बोललो रे पोरांनो. तुमीच माझं घर राखलंत!"

मागोमाग आलेले बाबा म्हणाले, "शाबास! मॅडम मैनेला औषध पाजतायत. दलालाला येऊ नको म्हणून निरोप धाडतो. मैना कुठं जात नाय."

सकाळपासून धीट राहिलेल्या पल्लवीला आता मात्र रडू कोसळलं.