मस्कतचे अकरा

त्या दिवशीचं काम तसं आनंदाचंच होतं. भावाला मुंबईच्या सहार विमानतळावरून आणायचं, एवढंच. सत्त्याऐंशी साल. माझा धाकटा भाऊ नूरुद्दीन तीन वर्षांनी मस्कतहून सुट्टीवर येत होता.

तो गेल्यापासून अम्माने भिंतीवरचं घड्याळ मस्कतच्या वेळेला लावलं होतं, आपल्यापेक्षा दीड तास मागे. "आता माझा पोर जेवत असंल," असं त्यात बघून म्हणायची. आम्ही तिला चिडवायचो, "अम्मा, तू राहतेस भिवंडीत की मस्कतला?"

नूरुद्दीनने शेजारच्या फोनवर कळवलं होतं, विमान तिकडून सकाळी अकराला सुटतं. अम्माने तेवढंच धरलं. ती म्हणाली, "अकराला येतोय."

"अगं, ती सुटायची वेळ. तिथून सहारपर्यंतच अडीच तास, वर इथवरचा रस्ता."

"तू जा रे गाडी घेऊन. मी सांदणं वाफवते."

दुपारी सव्वाबाराला गाडी ठरवून निघालो. सहारला एकेक जण बाहेर येत होता. खांद्यावर ब्लँकेट, हातात टेपरेकॉर्डर, भोवती रडणारी-हसणारी माणसं. नूरुद्दीन दिसेना. शेवटी आमच्या मोहल्ल्यातला, मस्कतला त्याच्याबरोबरच कामाला असलेला नूर मोहम्मद बाहेर आला आणि माझ्या गळ्यातच पडला.

"सादिकभाय... माझ्यापुढंच लायनीत हुबा होता. छातीत दुखतंय म्हणाला, खाली बसला... तो बसलाच. विमान सुटायच्या टायमालाच गेला. आमाला बसवलं. तो तिकडंच राहिला..."

परतताना काशेलीच्या पुलावर मी लहान मुलासारखा रडलो. ड्रायव्हर मोरूने गाडी हळू केली. रडू ओसरलं तेव्हा एकच भीती उरली. अम्माला कसं सांगू?

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. लाइट गेली होती आणि गल्लीतले कापडाचे सगळे लूम थांबले होते. त्या खडखडाटाशिवाय आमची गल्ली कुणा दुसऱ्याचीच वाटते. घरात नारळाच्या दुधाचा, वाफवलेल्या सांदणांचा वास भरला होता. अम्मा कंदील घेऊन दारात आली. तिला इतकी खूश मी तीन वर्षांत पाहिली नव्हती.

"हळू बोल. नूरू निजलाय."

"कोण... अम्मा?"

"चुकलास ना त्याला! तू गेलास न् तो आला. घड्याळात अकराच वाजले व्हते. मी म्हनत न्हवते?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्या घड्याळात अकरा, म्हणजे इथले साडेबारा वाजले, तेव्हा विमान अजून मस्कतच्या जमिनीवर होतं. आणि माझा भाऊ त्या लायनीत...

ताटात एक सांदण अर्धं खाल्लेलं होतं.

"लई दमलाय रे. हात बर्फासारखे गार. सामान मागून येतंय म्हनाला."

मी तिचे दोन्ही हात धरले. "अम्मा, ऐक..."

तिने हात सोडवून घेतला आणि माझ्या तोंडावर तळवा ठेवला. "आता न्हाय. तो सांगून निजलाय. 'भाय येईल, तुला कायतरी सांगेल. मी उठेपरेंत ऐकू नको, अम्मा. तवर मला तुझ्या घरात निजू दे...'"

आतल्या खोलीच्या पडद्यामागे खाट करकरली. कुणीतरी कूस बदलून उठून बसावं, तशी.

अम्माने माझ्या तोंडावरचा हात हळूच काढला.

"जागा झाला वाटतं," ती म्हणाली. "बोल आता. काय सांगनार व्हतास?"