वरची अकरा मिनिटं

ऐका तर. दोन विमानतळांमधलं अंतर आठशे बारा किलोमीटर, विमानाला लागतो एक तास वीस मिनिटं. छापील वेळापत्रकात मात्र वर्षानुवर्षं एक तास एकतीस. वरची अकरा मिनिटं विमान उतरण्याआधी शहरावर नुसत्या घिरट्या घालायचं.

वेळापत्रक आखायला नवे साहेब आले आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात ती अकरा मिनिटं कापली. हाताखालचे लोक त्यांच्या लेखी अकलेचे कांदे, आणि प्रवासी म्हणजे चालतं सामान.

बातमी ऐकून जुनं वेळापत्रक आखलेले निवृत्त आखणीदार मुद्दाम भेटायला आले. "कापू नका," ते हळूच म्हणाले. "ती मिनिटं विमानाची नाहीत, माणसांची आहेत. शरीर लवकर पोचतं... बाकीचं मागून येतं."

"मग बाकीच्याचं वेगळं तिकीट काढत जा," साहेब म्हणाले. "आजोबा, घरी जा. नातवंडं खेळवा."

नव्या वेळेच्या पहिल्याच विमानानं साहेबांची धाकटी बहीण यायची होती. आईवडील गेल्यावर आपलं म्हणावं असं तेवढंच माणूस. तिला विमानाची धास्ती. पण साहेबांनी टोमणे मारमारून तिला बसवलं होतं.

"दादा, घ्यायला येशील ना?" तिनं फोनवर विचारलं. "मी दारातच थांबेन. तू आल्याशिवाय हलणार नाही."

"थांब बाई, खांबासारखी थांब."

विमान चार चाळीसला येऊन थांबलं. साहेबांनी घड्याळ पाहून मिशीत हसू दाबलं. प्रवासी विमानतळाच्या दारापर्यंत आले आणि तिथंच थबकले. शंभरएक माणसं, पण कुणी खोकेना, कुणी फोन काढेना. बरेच दिवस बंद असलेल्या खोलीचा वास तेवढा पसरला.

"मेंढरं!" साहेब पुटपुटले. बहीण पुढेच उभी होती. हाक मारली, तिनं पाहिलं नाही. दंड धरला, तर बाहीत नुसती हवा भरल्यासारखा हलका.

"चल, उशीर होतोय," म्हणत त्यांनी तिला ओढत गाडीत बसवलं. तेव्हा चार शेहेचाळीस झाले होते.

तेव्हापासून ती भरवलं तर जेवते, बसवलं तर बसते. बोलत नाही. डॉक्टर म्हणाले, घाबरल्या असतील.

दुसऱ्या दिवशी विमानतळाच्या चौकशी खिडकीवरच्या बाईंचा फोन आला. "साहेब, काल चार एक्कावन्नला ती सगळी माणसं एकदम हलली, बोलायला लागली. आणि आज त्याच वेळी दारात... दिसत कुणी नाही, पण एका बाईंचा आवाज येतो. 'दादा आला का?' म्हणून विचारतात. तुम्ही ताईंना घेऊन एकदा इथं..."

"तुम्ही रजा घ्या," म्हणून साहेबांनी फोन आपटला. असे सात फोन आले, सातही आपटले.

नवव्या दिवशी बहिणीला घास भरवताना त्यांचा हात थांबला. तिच्या डोळ्यांची पापणी आठ दिवसांत एकदाही लवली नव्हती. साहेबांनी मुकाट्यानं गाडीची किल्ली उचलली, तिला चपला घातल्या. तेवढ्यात फोन वाजला. चार एक्कावन्न.

"येतोय," ते घाईघाईनं म्हणाले. "तिला सांगा, थांब... दादा येतोय."

पलीकडून बाई म्हणाल्या,

"त्या गेल्या, साहेब. आत्ताच कुणीतरी येऊन घेऊन गेलं. दिसलं नाही कुणी... पण आवाज तुमचाच होता. 'चल, उशीर होतोय,' म्हणाला."