जानुमेंदू

मिरजेच्या जानुविज्ञान प्रयोगशाळेत महागुरू हंबीरराव इंगवले शिरले ते लंगडतच. पण लंगडण्यातही त्यांनी असा काही रुबाब आणला होता, की सरळ चालणाऱ्यांचीच कीव यावी.

गेली पंचवीस वर्षं ते सांगलीत कराटे शिकवत होते. त्यांच्या वर्गातून काळे पट्टे किती बाहेर पडले हे ते स्वतः सांगत; गुडघे किती निखळले हे मिरजेचे डॉक्टर सांगत. सिमेंटच्या फरशीवर बदकचाल, पाठीवर दुसऱ्याला घेऊन बैठका, आणि कुणी कण्हलं तर, "भरतकामाच्या वर्गाला जा!" केतकी मगदूम ही त्यांची सगळ्यांत गुणी विद्यार्थिनी. तिच्या गुडघ्यातला अस्थिबंध अशाच एका बैठकीत फाटला, तेव्हा महागुरू सर्वांदेखत म्हणाले होते, "काचेचं सामान. उचलून ठेवा कपाटात."

आता त्यांचे स्वतःचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. आणि पावसाळ्यानंतर त्यांना दहाव्या श्रेणीचा काळा पट्टा मिळायचा होता. त्यासाठी भर सभागृहात उडती लाथ मारून दाखवावी लागे. ती चुकली, तर पट्टा कऱ्हाडच्या प्रतिस्पर्ध्याकडे जाणार होता. या विचारानं महागुरूंना गुडघ्यांपेक्षा जास्त ठणका लागे.

डॉ. सुलभा गद्रे यांनी पडद्यावरचं चित्र पाहिलं. "हाडांमधली कूर्चा संपलीय. दोन हाडं आता एकमेकांशी थेट बोलतायत."

"पराक्रमाची झीज आहे ती. नवी कूर्चा घाला."

"घालते. पण तुम्ही तीही खाऊन टाकाल. म्हणून तिच्याबरोबर जानुमेंदू घालू."

"तो काय प्रकार?"

"तुमच्याच चेतापेशींपासून वाढवलेली वाटाण्याएवढी गाठ. गुडघ्यातली कळ डोक्यापर्यंत पोचून हुकूम परत येईतो इजा होऊन गेलेली असते. शिवाय काही डोकी हुकूम चुकीचाच देतात. जानुमेंदू डोक्याला विचारत नाही. दुखलं, की तो मागं वळून एवढंच बघतो, की दुखण्याआधी शरीरात काय घडलं होतं? जी खूण दर वेळी सापडते ती तो धरून ठेवतो. पुन्हा तीच दिसली, की गुडघे दुमडून माणसाला अलगद खाली बसवतो. खाली बसलेल्याचा गुडघा मोडत नाही."

"म्हणजे माझा मेंदू गुडघ्यात?" महागुरू गडगडाटी हसले.

"लोक पूर्वीपासून म्हणतातच," बाई न हसता म्हणाल्या. "आम्ही फक्त शस्त्रक्रिया करतो."

शस्त्रक्रिया झाली. जखमा भरल्यावर महागुरू बंद दाराआड सराव करू लागले. जानुमेंदू त्या काळात शिकत होता. महागुरू मात्र काही शिकत नव्हते. तशी त्यांना सवयच नव्हती. लक्ष देऊन मारलेली लाथ छान उतरे. पण मध्येच त्यांना टाळ्या ऐकू येऊ लागत, मग उडी गरजेपेक्षा हातभर उंच जाई आणि उतरताना गुडघा कळवळे.

मग एके दिवशी आरशासमोर, लाथ मारायच्याही आधी, महागुरू खाली बसले. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात स्वतःविषयी दोन शब्द सांगताना बसले; दुकानदारानं स्टूल दिलं. मुलाखत घ्यायला आलेल्या बाईंसमोर तर दारातच बसले. ते तडक मिरजेला आले. प्रयोगशाळेच्या पायरीवर, "मी कोण आहे माहीत आहे का?" असं रखवालदाराला विचारलं आणि तिथंही बसले.

डॉ. गद्रे बाहेर आल्या आणि त्यांच्या शेजारी पायरीवर टेकल्या. "जानुमेंदूला खूण सापडली म्हणायची."

"कसली खूण? तुमचं यंत्र बिघडलंय, डॉक्टरीणबाई! लाथ राहिली बाजूला, मला उभं राहू देत नाही."

"लाथेशी त्याचं वैर नाही. लक्ष देऊन मारलेली लाथ दुखत नाही, हे त्यानं पाहिलंय. दुखते ती छाती फुगवून मारलेली. छाती फुगली, की पाठ ताठते, ताण पोटऱ्यांपर्यंत उतरतो, रक्तात रसायनं सुटतात. मेरुरज्जूतून त्याला सगळं कळतं. तुमच्या प्रत्येक दुखण्याआधी हेच घडलेलं आहे, महागुरू."

"मग त्याला विसरायला लावा!"

"छाती फुगली आणि तरी दुखलं नाही, असं उभ्यानं घडलं तर विसरेल. पण तो तुम्हाला आधीच बसवतो. बसलात, दुखलं नाही, म्हणजे बसवलं ते बरोबरच, असं तो धरून चालतो."

"काढून टाका!"

"काढते की. सहा महिने चाकाच्या खुर्चीत बसाल?"

पट्ट्याला तीनच आठवडे होते. महागुरू गप्प झाले, आणि गप्प झाल्यामुळे उठू शकले.

समारंभाला सभागृह भरावं म्हणून जुन्या विद्यार्थ्यांना आग्रहानं बोलावलं होतं. पहिल्या रांगेत गुडघ्याला पट्टे बांधलेली मंडळी पाय लांब करून बसली होती, मधोमध केतकी. महागुरू पडद्याआडून एकोणतीसचा पाढा पुटपुटत आले. तो त्यांना शाळेपासून कधीच आला नव्हता, त्यामुळं म्हणताना छाती फुगण्याचा प्रश्न नव्हता. एकोणतीस सक्के किती, याच्या विवंचनेतच ते धावले, उडाले, फळी फोडली आणि मांजरासारखे उतरले. आयुष्यातली सर्वोत्तम लाथ त्यांनी मारली, आणि मारताना ते तिथं नव्हतेच.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाढा विरून गेला.

महागुरूंनी सभागृहाकडे पाहिलं, दीर्घ श्वास घेतला, आणि पहिल्या रांगेसमोर अलगद गुडघ्यांवर आले.

कुणीतरी ओरडलं, "शिष्यांपुढं गुडघे टेकले! याला म्हणतात मोठेपण!" टाळ्या दुप्पट झाल्या. गुडघे आणखी घट्ट दुमडले.

अध्यक्ष पट्टा घेऊन पुढं आले. "उठा, महागुरू. आपल्या परंपरेत पट्टा उभ्यानंच बांधतात. गुडघे टेकलेला तो शिष्य."

"उठतो," महागुरू म्हणाले. उठले नाहीत.

"सर, सावकाश," केतकी पुढं वाकून म्हणाली. "आम्हाला बसायला वेळ लागतो, तुम्हाला उठायला. घाई कुणालाच नाही."

"क्षमा असावी," महागुरू मोठ्यानं म्हणाले. लोकांनी डोळे पुसले. गुडघे हलले नाहीत. गुडघ्याला भाषा कळत नाही.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. कऱ्हाडचा प्रतिस्पर्धी खुर्चीच्या कडेला सरकला. पाहण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं, म्हणून महागुरूंनी केतकीच्या गुडघ्याकडे पाहिलं. वर दुमडलेल्या विजारीखाली, पट्ट्याच्या कडेनं शिवणीचा लांब वण गेला होता. त्यांनी तो कधी पाहिला नव्हता. शेजारच्या गुडघ्यावरही होता. त्याच्या शेजारच्याही. संपूर्ण रांगेवर त्यांची सही होती. महागुरूंची मान खाली गेली, छातीतली हवा ओसरली आणि आत कुठंतरी खरोखर लाज वाटली.

गुडघे सैल झाले. वीतभर वर आले. मग हातभर. अध्यक्षांनी पट्टा उलगडला. महागुरू जवळजवळ ताठ उभे होते, पट्टा कमरेला टेकतच होता, तेवढ्यात त्यांच्या मनात आलं: एका मिनिटात एवढी विनम्रता! हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

आणि ते खाली बसले.