गळ्यातला हळदीचा दोरा

विड्याच्या पानांचं ताट खाली ठेवायच्या आधीच अन्नकिळीची नजर भावजयीच्या गळ्यावर गेली, आणि पेचीनं नकळत पदर पुढे ओढला. पण जे दिसायचं ते दिसून गेलं होतं. सोन्याच्या साखळीच्या जागी हळदीत बुडवलेला साधा दोरा, आणि त्यात ओवलेलं मंगळसूत्राचं ते इवलंसं पदक...

"वहिनी, अजून दोराच?" अन्नकिळी म्हणाली. "दोन वर्षं झाली. आता माझ्या सासरच्यांच्यासुद्धा डोळ्यावर यायला लागलंय."

पेची पाण्याचा तांब्या आणायला आत गेली आणि बाहेर आली तेव्हा नणंद नेमकं त्याच विषयावर येऊन ठेपली होती, ज्याची पेचीला आठवडाभर धास्ती वाटत होती. अन्नकिळीच्या धाकट्या मुलाचे, इनियनचे कान टोचायचे होते. कुलदैवतापुढे मांडव पडणार होता. आणि भाच्याचे कान टोचायचे तर तो मामाच्या मांडीवरच बसायला हवा. मामा नसेल तर सोनार सुई हातात धरत नाही, ही त्या मुलखातली रीत.

"सासूबाईंनी आत्तापासून विचारायला सुरुवात केलीय, या खेपेला मामा किती ताटं आणणार म्हणून," अन्नकिळी भावाकडे वळली. "थोरलीच्या वेळी तू जे केलंस ते अजून गाव विसरलं नाही अण्णा. आता धाकट्याच्या वेळी हात आखडलास तर मला त्या घरात तोंड दाखवायला जागा राहील का? वाजतगाजत येणार असशील तर ये. नाहीतर... नाहीतर आलाच नाहीस तरी चालेल. आजारी आहे म्हणून सांगेन."

कासिराजन दारात बसून जळलेल्या मोटारीची तार उलगडत होता. त्याची मान वर झाली नाही. पाण्याच्या मोटारींना नवी तार भरण्यात निलकोट्टै गावात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण बहिणीपुढे बोलायची वेळ आली की या गड्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

"अण्णा, तू काहीच बोलणार नाहीस?"

"ते काय बोलणार?" पेची शांतपणे म्हणाली. "मीच नको म्हटलंय. आता या घरात अहेरासाठी कर्ज काढायचं नाही."

कोपऱ्यात पान कुटत बसलेल्या विरुमायीचा हात थांबला. "ऐकलंस ना?" म्हातारी लेकीला म्हणाली. "तुझ्या भावाची मूठ आता हिच्या कनवटीला आहे. पूर्वी कसा राजासारखा खर्च करायचा माझा लेक."

राजासारखाच करायचा, यात खोटं काही नव्हतं. थोरली भाची वयात आली तेव्हाच्या सोहळ्यात त्यानं शंभरावर ताटं नेली होती, ढोलांचा मेळा नेला होता, चौकात स्वतःचा हात जोडलेला फोटो असलेला फ्लेक्स लावला होता, आणि कर्ण्यावरून "मामा कासिराजन" असं तीन वेळा पुकारलं गेलं तेव्हा त्याची छाती सदऱ्यात मावत नव्हती. सगळं व्याजानं काढलेलं. पुढे सावकाराचा माणूस त्यांच्या ओट्यावर येऊन बसला, प्यायला पाणी मागितलं, आणि संध्याकाळपर्यंत हलला नाही. एक वाईट शब्द त्यानं उच्चारला नाही, नुसता बसून राहिला, आणि जाणारा येणारा प्रत्येक जण त्याच्याकडे आणि मग घराकडे बघत गेला. त्याच दिवशी पेचीनं गळ्यातली साखळी उतरवून नवऱ्याच्या हातावर ठेवली, आणि दोघांनी देवापुढे दिवा लावून ठरवलं की आता उसनवारीचा एक दाणाही घरात आणायचा नाही.

ते त्यांनी पाळलं, दोघांनीही. रोज संध्याकाळी चार दोस्तांना परोटे खाऊ घालणारा कासिराजन दहीभाताचा डबा नेऊ लागला, आणि परोट्याच्या तव्याचा वास नको म्हणून मागच्या गल्लीनं घरी येऊ लागला. मोटारसायकल विकली. पेची पहाटे फुलबाजारात जाऊन मोगऱ्याचे गजरे बांधू लागली, आणि सणावाराला तिच्या हातच्या गजऱ्यांनी इतर बायकांचे अंबाडे सजू लागले. सावकार फिटला. उरली होती ती फक्त पेढीवर गहाण पडलेली तिची साखळी, आणि तीही दिवाळीला घरी येणार होती.

एवढं सगळं झालं, पण एक गोष्ट राहून गेली. आईनं पहिल्यांदा विचारलं होतं, की यंदा जत्रेला बकरं का नाही, तेव्हा कासिराजन पुटपुटला होता, "पेची नको म्हणते." बस्, तेवढंच. तिनं ते ऐकलं आणि खोडून काढलं नाही. नवऱ्याची मान खाली जाण्यापेक्षा आपण चार टोमणे खाल्लेले बरे, असं तिला वाटलं होतं... पण चार टोमण्यांवर ते थोडंच थांबतं! दोन वर्षांत ती चिक्कू झाली, नवऱ्याला मुठीत ठेवणारी झाली, बहीणभावात बिब्बा घालणारी झाली. आणि तो प्रत्येक वेळी मान खाली घालून तार उलगडत राहिला.

अन्नकिळी येऊन गेली त्या दिवसापासून विरुमायीनं सुनेच्या हातचं खाणं सोडलं. मागच्या अंगणात तीन विटा मांडून ती आपली पेज आपण शिजवू लागली. धुरानं तिचे डोळे गळायचे, ते बघून पेचीचे गळायचे, पण म्हातारी ताट घेईना.

"एकदाच घेतो गं," तिसऱ्या दिवशी कासिराजन म्हणाला. "शेवटचं. भाचा रिकाम्या पाटावर बसलाय असं डोळ्यापुढे येतं आणि घास उतरत नाही माझा."

पेची आत गेली आणि तांदळाच्या पिंपातून स्टीलचा डबा काढून आणला. साखळी सोडवायला साठवलेले पैसे होते त्यात.

"कर्ज नको. हे घ्या. पोराच्या कानात घालायला खऱ्या सोन्याच्या बाळ्या घ्या, त्याला नेसायला नवी वेष्टी घ्या. हार मी बांधते. जे आपलं आहे ते घेऊन ताठ मानेनं जाऊ."

"आणि तुझी साखळी?"

"दोरा घातला म्हणून मी काय तुमची कमी बायको झालेय?"

कासिराजनला हुंदका आवरला नाही. ती मात्र हसत होती, आणि त्या हसण्यामागे तिचं काळीज कसं पिळवटत होतं ते तिलाच ठाऊक. दिवाळीला साखळी घालून नणंदेच्या दारात जायचं, एवढं एकच स्वप्न तिनं दोन वर्षं उराशी धरलं होतं...

कार्याच्या दिवशी तिघं बसनं निघाली. विरुमायी मुद्दाम पुढच्या बाकावर एकटीच बसली. पेचीच्या मांडीवर टोपली होती, तिच्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला मोगऱ्याचा हार, नवी वेष्टी आणि बाळ्यांची डबी. मामाचा सगळा अहेर एका टोपलीत मावला होता.

गावाच्या वेशीवर उतरली आणि तिघंही जागीच थबकली. वडाखाली ढोलांचा मेळा उभा होता. त्यांच्यामागे बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात ताट, ताटात केळी, सफरचंदं, मिठाई, साड्या, वर चकचकीत कागद. आणि त्या सगळ्यांच्या पुढे, धापा टाकत, अन्नकिळी.

"अण्णा, काही विचारू नकोस," ती भावाचा हात धरून हळूच म्हणाली. "सगळं तुझंच आहे असं समज. तू नुसता पुढे चाल. कुणाला काही कळणार नाही."

कासिराजननं ताटांच्या रांगेकडे पाहिलं. दोन वर्षं वाकलेले त्याचे खांदे हळूहळू सरळ झाले, खांद्यावरचा पंचा त्यानं झटकून नीट घेतला, आणि चेहऱ्यावर ते जुनं तेज आलं, कर्ण्यावर नाव पुकारलं जायचं तेव्हाचं. पेची टोपली छातीशी धरून त्याच्याकडे बघत राहिली. सावकाराचं देणं पैशानं फिटलं, पण हे कशानं फिटणार होतं?

आणि मग तिचं लक्ष नणंदेकडे गेलं.

कार्याच्या दिवशी घरच्या लेकीसुना मंगळसूत्राची साखळी साडीवर मिरवतात. अन्नकिळीनं मात्र पदर गळ्याभोवती घट्ट लपेटला होता आणि त्याचं टोक मुठीत आवळून धरलं होतं. तो पदर असा का धरतात हे पेचीला कुणी सांगायला नको होतं. ती दोन वर्षं तसाच धरत आली होती. आणि नव्याकोऱ्या चोळीच्या गळ्याशी पिवळा डाग होता. दोरा नवा असला की पहिले काही दिवस हळद अशीच उतरते, कितीही धुतली तरी जात नाही.

"अन्नम," पेची पुढे झाली, "साखळी कुठंय तुझी?"

"घरी... घरी ठेवलीय. गर्दीत चोरीबिरी नको म्हणून."

पेचीनं तिची मूठ अलगद सोडवली. पदर घसरला, आणि पिवळाजर्द ओलसर दोरा दोघींच्या मध्ये उघडा पडला.

"काय करू वहिनी!" अन्नकिळीचा बांध फुटला. "त्या घरात रोज मला ऐकवतात. तुझा भाऊ भिकेला लागलाय म्हणतात. माझ्या अण्णाला भिकारी म्हटलेलं मला नाही गं सोसत! मीच त्याला येऊ नको म्हणाले, आणि घरी जाऊन रात्रभर रडले. साखळी पेढीवर ठेवलीय ते नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. अण्णा एकदा पहिल्यासारखा वाजतगाजत येऊ दे, मग मी बघून घेईन..."

पेचीनं तिला छातीशी धरलं. दोन वर्षं जिचे शब्द काट्यासारखे रुतले होते ती ही नणंद, आणि आज तिला थोपटताना पेचीला वाटलं, आपण आपल्यालाच थोपटतोय.

कासिराजन दोघींकडे बघत उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचं ते तेज कधीच उतरलं होतं. बायकोच्या गळ्यातला जुना फिकट दोरा, बहिणीच्या गळ्यातला नवा... दोन्ही आपल्याच हौसेचे, हे त्याला तिथं उन्हात उभं राहून समजलं.

"ताटं परत न्या," तो बायकांना म्हणाला. "फळवाल्याला म्हणावं, कागदसुद्धा काढलेला नाही. साड्या दुकानात परत करा."

"आणि आम्ही?" मेळ्याचा म्होरक्या ओच्चाप्पन पुढे आला. "विसार घेतलाय आम्ही. तो काही परत मिळायचा नाही बाबा."

"मग विसारापुरतं वाजवा."

"विसारापुरतं म्हणजे मांडवाच्या दारापर्यंत," ओच्चाप्पननं हिशेब केला. "परतीची वाट तुमची तुम्ही चाला."

एवढ्या रडारडीत अन्नकिळीला हसू फुटलं.

तर त्या दिवशी गावानं असा अहेर पाहिला, की पुढे ढोलांचा दणदणाट, आणि मागे चार माणसं आणि एक टोपली. लोक माना उंचावून ताटं शोधत होते. कुणीतरी म्हणालं, गाडी मागून येत असेल. मांडवात कर्ण्यापाशी बसलेला माणूस उत्साहानं उठला. "या मामा! काय काय पुकारू? सांगा."

कासिराजननं त्याच्या हातातून माइक घेतला. घसा दोनदा खाकरला.

"मामा कासिराजनकडून," तो म्हणाला, "सोन्याच्या बाळ्या. एक वेष्टी. मोगऱ्याचा हार, माझ्या बायकोनं बांधलेला. एवढंच आहे. पण यातलं काही व्याजाचं नाही."

मांडवात कुजबूज झाली. तो थांबला नाही.

"मागच्या खेपेच्या ज्या ताटांचं तुम्ही अजून कौतुक करता, त्यांचं व्याज माझी बायको दोन वर्षं गळ्यात घालून फिरतेय. या बाळ्यासुद्धा तिनं साखळी सोडवायला जमवलेल्या पैशातून आल्यात. माझ्या घरच्यांना वाटतं तिनं माझा हात धरून ठेवलाय. तिनं नाही धरला. खर्च करायचा नाही हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं, आणि ते सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी दर वेळी तिचं नाव पुढे केलं. ती गप्प राहिली. ज्यांनी तिला बोल लावले, त्यांनी ते मला लावायला हवे होते."

माइक त्यानं खाली ठेवला. अन्नकिळीच्या सासूनं तोंड उघडलं होतं, पण शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, त्या जाडजूड मिशीच्या म्हाताऱ्यानं, हातानंच तिला थांबवलं.

"बोलून झालं असेल तर पोराला मांडीवर घ्या," तो कासिराजनला म्हणाला. "सोनार कधीचा खोळंबलाय."

मामाच्या मांडीवर हार घालून बसलेल्या इनियननं सुई टोचताच भोकाड पसरलं, आणि त्याला घट्ट धरून बसलेला मामाही रडत होता. बघणाऱ्यांना वाटलं, भाच्याचं दुखणं त्याला बघवत नाही.

पेची मांडवाबाहेर हात धूत असताना अन्नकिळी तिच्याजवळ आली. "वहिनी, मी तुला काय काय बोलले..."

"ते राहू दे. फळांचे पैसे परत आले की त्यात आमच्याकडचे उरलेत ते घालू आणि उद्या पेढी उघडली की आधी तुझी साखळी आणू. तुझ्या नवऱ्याला कळायच्या आत."

"आणि तुझी?"

"माझ्या दोऱ्याची मला सवय झालीय," पेची म्हणाली. "पुढच्या दिवाळीला येईल."

मागे कुणाचीतरी चाहूल लागली. विरुमायी उभी होती. हातात देवीपुढच्या वाटीतली ओली हळद. तिनं सुनेचा पदर बाजूला केला, दोन वर्षांच्या घामानं पांढुरका पडलेला तो दोरा बोटांत धरला, आणि त्याला हळद चोळू लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, एखाद्या तान्ह्या पोराला तेल लावावं तशी.

"किती फिकट पडू दिलास गं," ती पुटपुटली. "मला सांगायचंस तरी."

"आत्या..." पेचीनं सासूचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

जेवणाची पंगत बसली तेव्हा वाढायला गावच्या पोरी पुढे आल्या, पण विरुमायीनं पानावर हात आडवा धरला. पिवळ्या झालेल्या त्याच हातानं तिनं पेचीला जवळ बोलावलं.

"तू वाढ," ती म्हणाली. "भात जरा जास्त घाल. तीन विटांवरची पेज खाऊन पोट खपाटीला गेलंय माझं."