मोपा ते तेजू

विनिताच्या पत्राला गौरेशने उत्तर दिलंच नव्हतं. आणि आज डिचोलीच्या बाजारात, गणपतीच्या डोक्यावर माटोळीला टांगायच्या रानफळांच्या ढिगापलीकडे, ती उभी होती!

दीड वर्षापूर्वी मोपा विमानतळावर तिची बॅग जड झाली होती. नर्सची नोकरी धरून ती अरुणाचलातल्या तेजूला निघाली होती. रांगेतच बसून आमसोलांच्या पुड्या बाहेर काढत होती. मागे उभा होता साखळी गावच्या वाचनालयातला गौरेश. तो कसाबसा म्हणाला, "जाकीट अंगात घाला... आमसोलं खिशात भरा."

"आणि घाम आला तर?"

"सार होईल."

ती इतकी हसली, की गौरेश तिथेच हरवला.

फोनवर मात्र त्याची दातखीळ बसायची. "लिहिता तरी येतं ना? मग लिही," ती म्हणाली. पत्रं सुरू झाली. आणि मग ते शेवटचं : 'मोपाहून विमान सरळ उडालं तर तेजू चार तासांवर. मी इथे अजून दोन वर्षं आहे. तू येशील? चतुर्थीला घरचे स्थळाचं विचारतील. काय सांगू?'

सरळ उडणारं विमान होतं कुठे? वाटेत दोनदा बदलायचं; शेवटचं तर इवलंसं, ढग उतरले की तेही माघारी.

"पत्र पोचलं नाही वाटतं?" विनिताने विचारलं.

पोस्टावर ढकलणं किती सोपं होतं... "पोचलं," तो म्हणाला. "उत्तरं लिहिली. फाडली."

"काय होतं त्यांत?"

"विमानांच्या वेळा. कुठे बदलायचं, किती थांबायचं... ढग आले तर..."

ती पाहतच राहिली. मग फस्सकन हसली. "शाण्या, मी तास विचारले होते? येशील का, ते विचारलं होतं!"

"तेवढंच... लिहायचं राहिलं."

"गो बाय, भाव करतंस की भांडतंस?" फळं विकणारी चंद्रावती करवादली. "घे तो घोस, नि घोवाच्या हातात दी!"

दोघंही लाजली. पण हा माझा नवरा नव्हे, असं विनिता म्हणाली नाही.

"घरी... काय सांगितलंस?"

"पत्राची वाट बघतेय, म्हटलं."

गौरेशच्या छातीवर महिनाभर उभा असलेला खनिजाचा ट्रक एकदम निघून गेला.

"विनिता, मी—"

"तोंडी नको. पत्राला उत्तर पत्रानेच. मी तेजूला पोचेन, तेव्हा ते माझी वाट बघत असू दे."

पोस्टात त्याने आंतर्देशीय पत्र घेतलं. ती घोस सांभाळत, पाठ फिरवून उभी राहिली.

"झालं? एवढ्यात?"

"एकच ओळ होती."

"आणि ढग उतरले तर?"

"वर चढेपर्यंत थांबेन," तो म्हणाला, आणि त्याने पत्र पेटीत टाकलं.